दातांखाली ओठ

बर्नलीत, गॅसच्या शेगडीपाशी, नोव्हेंबरातल्या एका दुपारी
मी फॉर्म भरत होते.
रकान्यात एकच शब्द मावेल एवढी जागा.
"फ्रेल," मी लिहिता लिहिता म्हणाले,
आणि हेस्टर ऑर्मरॉड, वय एक्क्याण्णव,
खुर्चीत ताठ झाल्या,
मागावरचा ताणा ओढून घ्यावा तशा.

"तो शब्द या घरात नको."

त्यांना ऐकू जवळजवळ येत नाही.
चाळीस वर्षं गिरणीच्या शेडमध्ये गेली,
सातशे मागांच्या खडखडाटात,
जिथे बायका एकमेकींचे ओठच वाचायच्या.
कोणाला दिवस गेलेत, कोणाची उधारी थकलीय,
बटाटे काय भाव,
सगळं ओठांवरून.

सोळाव्या वर्षी, पलीकडच्या ओळीतल्या चौथ्या मागावरून,
एक बाई त्यांच्या धाकट्या भावाबद्दल
दुसरीला काही म्हणाली.
आवाज नव्हताच.
वरचे दात खालच्या ओठावर टेकले,
मग दोन्ही ओठ मिटले आणि उघडले.
फीबल.

क्लिफर्ड तेरा वर्षांचा.
बुटाची नाडी बांधता यायची नाही त्याला,
पण बावीस कबुतरं
त्याच्या शिट्टीसरशी छपरावर उतरायची.
मंगळवारी गाडी आली.
कागदावर तोच शब्द होता, फीबल-माइंडेड,
खाली शिक्का, सही, आणि दूरच्या कुठल्याशा वसाहतीचं नाव.
कबुतरं आठवडाभर छपरावर येऊन बसत होती.
मग वडिलांनी ती विकली.

मी पेन खाली ठेवलं.
तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं
आणि सावकाश म्हणाले: तो नव्हे. दुसरा.
फ्रेल.
दात ओठावर टेकतात, खरं आहे,
पण पुढे ओठ मिटत नाहीत.

त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं.
आणि पुन्हा.
नापास करायचं कापड तपासावं तसं
त्या माझं तोंड बघत होत्या.
"मिटत नाहीत," शेवटी म्हणाल्या.

मग स्वेटरची बाही माझ्यापुढे धरली,
कोपरापाशी विरलेली.
"ही फ्रेल. फाटलेली नाही, बघ.
उजेडात धर, धागा न् धागा मोजता येईल.
अशी बाही माणूस हातानं धुतो, पिळत नाही.
फीबलला कोण असं धुतं?
फीबल विनोद असतो, फीबल सबब असते,
ज्याचं त्याला फेकून देता येतं असं काहीतरी.
तो शब्द म्हणणारा स्वतः धडधाकट असतो
आणि तेवढंच सांगायला म्हणतो."

मी विचारलं, मग इन्फर्म?
"ते हॉस्पिटलच्या पाटीवर बरं दिसतं."

मी फ्रेल लिहिलं.
त्यांनी चष्मा लावून एकेक अक्षर तपासलं,
माझा फ नीट नाही म्हणाल्या.
मग बराच वेळ गप्प राहून,
"त्याच्या कागदावर काय लिहायला हवं होतं?
तू नर्स आहेस, तुला माहीत असेल."

मला माहीत नव्हतं.
शब्द खूप येतात मला, दिवसाला वीस फॉर्म भरते,
पण त्या मुलाला बसेल असा
एकही जिभेवर आला नाही.
मी उठून चहा केला.

घाईत पत्ती कमी पडली.
त्यांनी एक घोट घेतला, कप बशीत ठेवला.
"वीक," म्हणाल्या,
रागावून नव्हे; याला उपाय असतो,
अजून थोडी पत्ती टाकली की झालं.
पण तो शब्द म्हणताना
त्यांचे ओठ गोल होऊन पुढे आले,
आणि क्षणभर, उच्चार संपल्यावरही,
तसेच राहिले,
जणू शिट्टी घालायची आहे
आणि छपरावर कोणी आहे का ते आधी बघायचंय.